दोन दोरांची पाणबुडी

विहिरीत उतरणारी माणसं जगात पुष्कळ असतील. पण पाणबुडीच्या तोडीची दुसरी कुणी असेल तर आणून दाखवा. अंगाने काडी, वजनाने चिमणी, आणि काळीज असं की वस्तीत दंड फुगवून फिरणाऱ्यांनी तिच्यासमोरून जाताना खाली बघावं. पाणबुडी हे नाव शाळेतल्या पोरांनी तिला चिडवायला ठेवलं होतं. आता त्याच पोरांच्या बायका, पंपाला पाणी चढेनासं झालं की दाराशी येऊन "पाणबुडीताई, जरा बघता का?" म्हणून आर्जवं करतात. चिडवणाऱ्यांची अशी जिरते.

ती खाली असते तेव्हा तिचा थोरला भाऊ वर दोर धरून असतो. बापाला जमेनासं झाल्यापासून हे असंच चाललंय. थोरल्याचे तळहात बघा कधी. दोराने असे घट्टे पडलेत की काडी ओढली तर पेटेल. त्याच्या हातून दोर आजवर वीतभर सुद्धा निसटलेला नाही, आणि त्याने तो दुसऱ्या कुणाच्या हातात दिलेलाही नाही. बायकोने एकदा म्हटलं होतं, "अहो, मी धरते थोडा वेळ, तुम्ही पाणी प्या." तर तो म्हणाला, "पाणी नंतर मिळेल, बहीण नंतर मिळायची नाही." बायकोने दोर मागणं सोडलं. पण तेव्हापासून ती दर वेळी त्याच्या मागे येऊन उभी राहायची आणि तो पाय कसे रोवतो, दोर पाठीवरून कसा घेतो, ते बघत राहायची. त्याच्या हे लक्षात यायचं.

आता ही विहीर काय आहे ते सांगायला हवं, कारण विहीर कळल्याशिवाय वस्ती कळत नाही.

हा सगळा माळ खारवट. उन्हाळ्यात जमिनीवर पांढरी पापुद्री धरते, पायाखाली कुरकुर वाजते. उत्तरेला एक बोडकी टेकडी, दक्षिणेला वर्षातले बरेच महिने कोरडा पडलेला ओढा, आणि मधे नुसती सपाटी. कुठेही खणा, पाणी लागतं, पण तोंडात धरवत नाही. गुरंसुद्धा हुंगून मान फिरवतात. पूर्वी इथून जनावरं घेऊन जाणाऱ्या चार घरच्या माणसांनी थांबून थांबून खड्डे घेतले, शिव्या घातल्या, पुढे सरकले, आणि एका जागी गोडं पाणी लागलं. ते पुढे गेलेच नाहीत. तिथेच विहीर बांधली, चांगली रुंद, गोल, घडीव दगडांची. विहिरीच्या भोवती घरं झाली. टेकडीकडून एक रस्ता यायचा, विहिरीला वळसा घालायचा आणि ओढ्याकडे उतरायचा. रस्त्याच्या वरच्या अंगाला वरची आळी, खालच्या अंगाला खालची आळी. बस, एवढीच वस्ती. दुसरीकडे कुठे राजवाडे असतील, इथे ही विहीर आहे.

मग रेघ आली.

मोठे लोक कुठेतरी लांब बसले आणि त्यांनी ठरवलं की इथून एक देश आणि तिथून दुसरा. तिपाईवरची दुर्बीण घेऊन एक मोजणीवाला साहेब आला. त्याची रेघ खरं तर ओढ्याच्या कडेने जायची होती. म्हणजे अख्खी वस्ती एका बाजूला राहिली असती आणि कुणाचं काही बिघडलं नसतं. पण साहेबाने वस्तीतल्या मोठ्या माणसांना बोलावून सहज विचारलं, "ही विहीर कुणाची?" त्या साली दोन्ही आळ्यांत पाणी पहिलं कुणी भरायचं यावरून जुंपलेली होती. वरच्या आळीने सांगितलं, आमची. खालच्या आळीने सांगितलं, आमची. कुणी मागे हटेना. थोरल्याचे आजोबा वरच्या आळीचे. त्यांचा आवाज सगळ्यांत मोठा होता, हे खालच्या आळीतले लोकही कबूल करतात. "सगळ्यांची" हा एक शब्द कुणाच्या तोंडून निघाला नाही. ऊन मी म्हणत होतं, साहेब वैतागला. म्हणाला, दोघांचीही म्हणता ना, मग घ्या निम्मी निम्मी. आणि त्याने रेघ उचलून विहिरीच्या मधोमध आणली. काठाच्या दगडावर दोन अंगांना दोन पितळी खिळे ठोकले आणि तो निघून गेला.

एका भांडणात अख्खा देश बदलून घ्यायला जिगर लागते. ती या वस्तीत होती.

पुढे तारेचं कुंपण आलं. टेकडीवरून सरळ येतं, विहिरीपाशी थांबतं, आणि विहिरीच्या पलीकडून पुन्हा सुरू होतं. कारण विहिरीवरून तार नेणार कशी? काठ तेवढा मोकळा. दोन्हीकडे एकेक चौकी बसली, दोन्हीकडे एकेक पंप बसला, आणि दोन्ही पंपांचे पाइप एकाच पाण्यात सोडलेले. बोली तीच, नाती तीच. थोरल्याची आई खालच्या आळीची. तिचा भाऊ, म्हणजे मामा, अजून तिकडे लोहारकाम करतो. भाच्यांना भेटायचं तर काठाच्या या बाजूला हे, त्या बाजूला तो. मधे भोक.

विहिरीची वरच्या आळीकडची भिंत जुनी होऊन पोटासारखी पुढे आलेली आहे. धक्का लागला तर दगड सुटतो, आणि एक सुटला की त्याच्यामागे बाकीचे. म्हणून एका दोराने विहिरीत उतरता येत नाही. एकाच बाजूने सोडलं तर माणूस झोका खाऊन त्या पोटावरच आपटणार. पाणबुडीच्या बापाने तोड काढली. कातडी पट्टा केला, त्याला दोन कड्या. एका कडीत या बाजूच्या दोराचा आकडा, दुसऱ्या कडीत त्या बाजूच्या. दोघांनी समोरासमोर पाय रोवून बसायचं, बरोबरीने दोर सोडायचा, बरोबरीने ओढायचा. माणूस मधोमध लोंबत जातो, कुठे टेकत नाही. वरचं बोलणं खाली ऐकू येतं, पण खालून येताना शब्द बरेचदा फुटतात, म्हणून झटक्यांच्या खुणा. एक झटका, थांबा. दोन, ढील द्या. तीन, वर घ्या.

बाप खोकल्याने बसला त्या उन्हाळ्यात थोरला स्वतः उतरायला निघाला होता. त्याची छाती एवढी रुंद की पट्टाच पुरेना. लहान बहीण शेजारी उभी होती. तिने पट्टा घेतला, आपल्याभोवती गुंडाळला आणि म्हणाली, "दादा, तू वर बस. तू खाली गेलास तर विहीर भरून जाईल." ती तेव्हापासून उतरते.

तिला बघायला एकदा पाहुणे आले होते. मुलाच्या आईने विचारलं, "मुलगी कुठे आहे?" शेजारची म्हातारी दारातून म्हणाली, "विहिरीत आहे." पाहुणे चपला तिथेच टाकून विहिरीकडे पळाले. मग वर आलेली पाणबुडी त्यांनी पाहिली, चिखलाने माखलेली, हातात पहार. ते स्थळ काही जमलं नाही. पाणबुडी म्हणाली, "बरं झालं. पळताना दमले होते, घरात कामाचे नव्हते."

तर अशी ही पाणबुडी. आता त्या दिवसाचं ऐका.

उन्हाळा भरात. विहिरीच्या तळाला जिथून झरा येतो तिथे एक दगड सरकून बसला होता. पाणी गुडघ्याएवढं राहिलेलं, दोन्ही पंप नुसती हवा ओढत होते. तो दगड हलवल्याशिवाय वस्तीला प्यायला पाणी नव्हतं, ना इकडे ना तिकडे. सकाळी उन्हं तापायच्या आत पाणबुडीने पट्टा कसला. इकडून थोरला बसला, तिकडून मामा बसला. आपल्या बाजूचा हवालदार चौकीसमोरच्या खुर्चीत पेंगत होता. त्याला असल्या गोष्टी बघायची सवय होती, म्हणजे न बघायची. तिकडचे आधीचे साहेबही दोर दिसला की पाठ करून उभे राहायचे.

पण तिकडे नवा साहेब आला होता. कोवळा, चकचकीत बुटांचा, वस्तीत कुणाच्या ओळखीचा नाही. तो आल्यापासून विहिरीचं काम निघालं नव्हतं, आणि निघालं तर सांगायचं असतं हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

पाणबुडी निम्म्यात पोचली असेल. तेवढ्यात तिकडून आवाज आला.

"हे काय चाललंय?"

मामाने मान वळवली नाही. "झरा मोकळा करतोय साहेब."

"खाली कोण आहे?"

"भाची."

"कुठली भाची? आपल्या हद्दीतली?"

"आता मधोमध लोंबतीय. निम्मी आपली धरा."

खालच्या आळीतल्या दोन बाया हसल्या. साहेब हसला नाही. तो काठापर्यंत आला, वाकून बघितलं, आणि त्याचा चेहरा बदलला. "पलीकडचं माणूस आपल्या पंपापर्यंत उतरवताय? आणि तुमच्या दोराने? सोडा तो दोर."

"साहेब!" थोरला इकडून ओरडला. "सोडला तर ती या भिंतीवर येईल. भिंत कोसळेल. पोरगी जाईल."

"तुमच्याशी बोलत नाहीये मी. तुम्ही तुमच्या देशात बोला."

"मामा, सोडू नका!"

"सोडतोय कुठला," मामा म्हणाला आणि त्याने दोराचा एक वेढा मनगटाला घेतला.

साहेबाने हात केला. दोन शिपाई पुढे आले. ते बिचारे खालच्या आळीतच पाणी पिणारे, त्यांचे पाय जड झालेले दिसत होते, पण हुकूम तो हुकूम. एकाने मामाला काखेतून धरलं, दुसऱ्याने दोराला हात घातला. मामाचा एक पाय घसरला. दोर हातभर सुटला आणि खाली पाणबुडी थोरल्याच्या बाजूला सरकली. पोट सुटलेल्या भिंतीतून मातीची धार पडली. पाण्यात टपटप आवाज झाला.

जमेल तेवढी ढील देऊन थोरल्याने तिला भिंतीपासून लांब घेतलं. पण हे असं किती वेळ पुरणार? समोर मामाचं मनगट काळंनिळं पडत होतं, शिपाई ओढत होता, आणि मामा सोडत नव्हता. म्हातारं हाड. आता तुटेल की मग तुटेल.

"हवालदारसाहेब!" थोरला ओरडला. "बोला की त्यांच्याशी!"

हवालदार खुर्चीतून उठला होता. "मी काय बोलू? मला तिकडे बोलायला वरून परवानगी लागते."

थोरल्याने मागे बघितलं. बायको नेहमीसारखी उभी होती. तिने काही विचारलं नाही. खाली बसली, पाय दगडाला रोवले, दोर पाठीवरून घेतला, आणि त्याच्या हातापुढे आपले हात लावले. अगदी तो लावतो तसे.

"द्या," ती म्हणाली.

त्याने दिला. आयुष्यात पहिल्यांदा दिला. शेजारची म्हातारी धावत येऊन आपली सून असावी तशी तिच्या कमरेला मिठी मारून बसली. "मी आहे गं हिच्यामागे, जा रे तू!"

थोरला उठला आणि काठावर चढला. पितळी खिळ्यावरून पाय टाकला. हवालदार मागून किंचाळला, "अरे ए, तिकडे जाऊ नकोस! माझी नोकरी जाईल!" पण थोरला गेला होता. तार आल्यापासून त्या काठावरून कावळ्याशिवाय कुणी पलीकडे गेलं नव्हतं. वरची आळी काठाशी गोळा झाली, खालची आळीही झाली. शिपाई तर नुसते बघत राहिले. तो मामाजवळ गेला, त्याच्या मागे बैठक मारली, दोर दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाला, "मामा, वेढा काढा. आला माझ्याकडे."

मामाने वेढा काढला. मनगट बघवत नव्हतं. शिपायांनी त्याला बाजूला नेऊन बसवलं.

साहेबाला आता कंठ फुटला. "तू आमच्या हद्दीत आलास. कागदाशिवाय. तुला आता चौकीत बसावं लागेल, मग वर कळवावं लागेल, मग ते तुला कुठे नेतील ते त्यांचं त्यांनी बघायचं."

"धरा," थोरला म्हणाला. "पण मागून धरा. हात मोकळे ठेवा."

"तिला वर घे."

थोरल्याला तेच हवं होतं. त्याने खाली तोंड करून हाक दिली, "अगं ए, वर घेतोय! काम राहू दे!"

मग पाणबुडीचा आवाज आला, विहिरीत फिरून फिरून आलेला. "दादा, तू तिकडून कसा बोलतोस?"

तिला नेहमी त्याचा आवाज पाठीमागून यायचा. आता तोंडासमोरून आला.

"असू दे! वर ये!"

"तुला धरलंय?"

तो खोटं बोलला असता. पण साहेबच मधे बोलला, "हो, धरलंय! वर या मुकाट्याने!"

मग दोराला झटके बसले. एक. दोन.

ढील.

थोरल्याने समोर बायकोकडे बघितलं. तिलाही तोच झटका पोचला होता. तिने डोळ्यांनी विचारलं, काय करायचं? तो काय सांगणार? खालच्याने खूण दिली की वरच्याने ऐकायचं, बापाने हे दोघा भावंडांना हातावर मारून शिकवलं होतं. त्याने आणि बायकोने बरोबरीने दोर सोडला. पाणबुडी तळाला गेली.

"हे काय? मी वर घ्यायला सांगितलं!" साहेब म्हणाला.

"तिने खाली मागितलं."

"किती वेळ लागेल?"

"दगडाला विचारा."

मग पहारेचे घाव ऐकू यायला लागले. ठण्ण. ठण्ण. मधेच नुसता चिखलाचा पचपच आवाज. ऊन चढलं. साहेब काठावर उभा, त्याच्या बुटांवर पांढरी धूळ बसलेली. थोरल्याच्या दोन खांद्यांवर दोन शिपायांचे हात, नुसते ठेवलेले. एकाने हळूच विचारलं, "घाम पुसू का?" थोरला म्हणाला, "पूस."

एकदम खालून वेगळाच आवाज आला. कुणी घसा खाकरावा तसा. आणि मग खळखळ. दगड हलला होता. दोन्ही आळ्यांतल्या बाया एकदम "आलं, आलं!" म्हणाल्या. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. ओल्या मातीचा वास वर आला.

थोरला तीन झटक्यांची वाट बघत बसला.

झटके आले नाहीत.

पाणी वाढत होतं. झऱ्यामागे किती दिवसांचं तुंबलेलं होतं कोण जाणे, ते एकदम येत होतं. वरून दिसत होतं, गुडघ्याचं मांडीला आलं, मांडीचं कमरेला. पाणबुडी खालच्या आळीच्या पाइपाला धरून उभी होती आणि वर बघत होती.

"अगं, खूण दे!" थोरला ओरडला.

तिने हात हलवला. नको म्हणून.

टाळ्या थांबल्या. सगळ्यांना हळूहळू कळायला लागलं. साहेबालाही कळलं, आणि तो चिडला. "नाटकं आहेत ही. अरे, तू घे हा दोर," तो शिपायाला म्हणाला. "ओढ तिला. ह्याला उठवा."

थोरल्याला उठवलं. शिपाई बसला, दोर घेतला आणि ओढला. दोर आला. सरसर आला, अगदी हलका. वर आला तो नुसता आकडा, पाणी ठिबकत. पाणबुडीने आकडा कडीतून काढून टाकला होता.

शिपायाने तो साहेबाला दाखवला, जसं काही आपण मासा पकडला आणि तो निसटला.

थोरल्याच्या जिवाला जेवढं सोसतं तेवढं सगळं त्याने त्या क्षणी सोसलं. आता ती खाली एका दोरावर होती. एका दोराने वर घेता येत नाही. बायको समोर बसलेली, दोर धरून, तिलाही हे माहीत. आणि अजून एक गोष्ट होती, जी वस्तीला माहीत होती आणि साहेबाला नव्हती. नावाची पाणबुडी, पण तिला पोहता येत नाही. या माळावर पोहायला शिकवणार कोण, आणि कशात?

"साहेब!" खालून आवाज आला. आता तो जवळून आल्यासारखा वाटत होता, पाणी चढल्यामुळे. "ऐकताय ना?"

साहेब वाकला.

"दादा त्याच्या जागेवर गेला की आकडा खाली सोडा. तोवर मला घाई नाही."

"पाणी कुठवर आलं गं?" थोरल्याने विचारलं.

"तुला काय करायचंय? तू आधी घरी जा."

"मूर्ख आहेस का तू? वर ये!"

"तू मूर्ख. कुणी सांगितलं होतं तिकडे जायला?"

दोन देशांच्या मधे असं भांडण पूर्वी कधी झालं नसेल. कुणी हसलं मात्र नाही. खालच्या आळीतली एक बाई रडायला लागली.

साहेब थोरल्याला म्हणाला, "ती खरंच येणार नाही?"

"आमच्या घरातली आहे ती," थोरला म्हणाला. "बाप मरताना म्हणाला होता, हिने एकदा नाही म्हटलं की डोंगर हलेल, ही हलायची नाही."

"पोहेल की."

"पोहता येत नाही तिला."

साहेबाने त्याच्याकडे बघितलं. खोटं बोलतोय का ते बघत असावा. मग विहिरीत बघितलं. पाणी छातीला आलं होतं. तिने पाइप दोन्ही हातांनी कवटाळला होता.

मामा बसल्या जागेवरून बोलला, मनगट पोटाशी धरून. अगदी शांतपणे बोलला. "साहेब, ती आपल्या पाइपाला धरून उभी आहे. म्हणजे आपल्या हद्दीत. तिथे गेली तर आपल्याकडे गेली. तुम्ही वर काय कळवाल तेवढं फक्त ठरवून ठेवा. आम्ही सगळे इथेच होतो, आम्हालाही विचारतीलच."

साहेबाने रुमाल काढला, तोंड पुसलं, रुमाल खिशात घालायचा विसरला. आजूबाजूला बघितलं. दोन्ही आळ्या उभ्या होत्या, लेकरांसकट.

"म्हाताऱ्याला दोर द्या," तो म्हणाला. आणि थोरल्याकडे न बघता, "तू इथे आलाच नव्हतास."

थोरला काठावरून धावत सुटला. खिळा कुठे आला आणि कुठे गेला त्याला कळलं नाही. इकडे पाय टेकले तसा हवालदाराने त्याचा दंडच पकडला, आणि मग लाजून सोडला.

"आलो!" थोरला विहिरीत ओरडला. "इकडे आलो! ऐक, इकडून बोलतोय!"

तिकडे मामाने दुखऱ्या हाताने दोर घेतला. आकडा खाली सोडला. तो शिपाई, घाम पुसणारा, न सांगताच मामाच्या मागे बसला. साहेब दुसरीकडे बघत उभा राहिला.

आकडा पाण्याला लागला. पाणबुडीची मान आणि एक हात तेवढा वर होता. तिने आकडा पकडला आणि हात पाण्याखाली नेला. कडी कमरेला, कमर पाण्यात, बोटं गारठलेली. आकडा लागत नव्हता. थोरल्याला वरून तिच्या खांद्याची हालचाल दिसत होती. एकदा लागला असं वाटलं आणि निसटला. पाणी हनुवटीला आलं. तिने तोंड वर केलं, आकाशाकडे, आणि डोळे मिटून घेतले, जसं अंधारात सुई ओवताना लोक मिटतात.

एक झटका. थांबा.

सगळी वस्ती थांबली. थोरला तर मेल्यासारखाच.

मग एक, दोन, तीन.

"ओढा!" थोरला ओरडला, आणि बायकोच्या पुढे बसून त्याने दोराला हात घातला. तिकडून मामा आणि शिपाई, इकडून थोरला आणि बायको आणि तिच्या कमरेची म्हातारी. बरोबरीने. पाणबुडी पाण्यातून सुटली, फिरत फिरत वर यायला लागली, भिंतीच्या पोटापासून हातभर लांब. माती पडली, दगड पडला नाही. काठाशी आली तसं थोरल्याने तिला काखेत धरून बाहेर खेचलं आणि दोघंही धुळीत बसले.

ती निळी पडली होती. दात वाजत होते. पहार अजून पट्ट्यात खोचलेली.

"मरायचं होतं का?" थोरला म्हणाला.

"तुला चौकीत बसायचं होतं का?"

"मी बघितलं असतं माझं."

"काय बघितलं असतं? तिथे तुझी ही फुशारकी ऐकायला कोण होतं?"

थोरल्याला रडू येत होतं आणि चार लोकांसमोर त्याला रडता येत नाही. पलीकडून पंप सुरू झाल्याचा आवाज आला, धाडधाड, आणि त्यांच्या नळाला पहिलं गढूळ पाणी पडल्यावर बायांचा गलका. इकडचा पंप कुणी सुरू केला ते त्याने बघितलंही नाही.

मग त्याला आठवलं, दोर. मागे वळून बघितलं तर बायको तशीच बसली होती, पाय रोवून, दोर पाठीवर, दोन्ही मुठी आवळलेल्या. पाणबुडी वर येऊन बसली तरी तिने सोडला नव्हता.

"अगं, सोड आता," तो म्हणाला. "आली ती."

"सुटत नाहीयेत," ती म्हणाली. "हात सुटत नाहीयेत माझे."

तो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. पाणबुडीही थरथरत सरकत आली. एका मुठीची बोटं त्याने सोडवायला घेतली, दुसरीची पाणबुडीने. करंगळीपासून, एकेक, हळूहळू. दोराचे पीळ बायकोच्या तळव्यात उमटले होते, लाल, आणि मधे कातडी गेली होती.

"झोंबतंय?" त्याने विचारलं.

"बघा ना तुम्हीच," ती म्हणाली.

त्याने तो हात आपल्या हातात धरून ठेवला, आणि बराच वेळ तो बघतच होता.